शाहिराचा गळा आणि पक्षाचा झेंडा

(हातखंबा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या माणसाला अभ्यासवर्गात बोलावले म्हणजे तो महागाई, बेकारी किंवा अंदाजपत्रक यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, असे आपण गृहीत धरलेले असते. आज मी एका गायकाविषयी बोलणार आहे. हा गायक आपल्या पक्षाचा नव्हता. आपल्यापैकी अनेकांचा ज्या पक्षाशी उभा दावा होता, त्या पक्षाचा तो होता. म्हणूनच त्याच्याविषयी आपण बोलले पाहिजे, असे मला वाटते.

हातखंब्याच्या या तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोवा मार्गाला मिळतो. याच रस्त्याने आपल्या गावागावांतील माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर इथल्या चुली पेटल्या. माझे एक चुलते असेच गेलेले. ते मिल मजदूर सभेचे, म्हणजे समाजवादी. त्यांच्याच खोलीत राहणारा दुसरा गाववाला लाल बावट्याचा. बेचाळीसच्या लढ्यात कोण कोठे होते, यावरून दोघांचे आठवडाभर वाजत असे. पण अमर शेख गाणार असल्याचे कळले, की दोघेही पाळी संपवून एकत्र मैदान गाठत. चुलते सांगत, “परतताना आम्ही भांडत नसू. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.” त्या एका रात्रीचे भांडण कशाने थांबत होते, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्यांचा जन्म झाला. आई मुनेरबी हिच्याजवळ ओव्यांचा आणि लोकगीतांचा साठा होता. मुलाला गाण्याची पहिली दीक्षा तिच्याकडूनच मिळाली. घरची गरिबी. त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत काम केले. गिरणी कामगारांच्या संपात ते पुढे झाले आणि त्यापायी तुरुंगात गेले. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्यांनी काही काळ काढला आणि ‘अमर शेख’ हे नाव घेतले. १९४४च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या त्रयीचे लाल बावटा कलापथक उभे राहिले.

हे साल आपल्या कानाला खटकते, आणि ते खटकलेच पाहिजे. त्या वेळी आपले नेते तुरुंगात किंवा भूमिगत होते आणि साम्यवादी पक्ष ‘लोकयुद्धा’ची भाषा बोलत होता. हा इतिहास शाहिराच्या प्रेमापोटी पुसून टाकण्याचे कारण नाही. परंतु पक्षाचा ठराव आणि त्या पक्षातील माणसाचे जीवन या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. ठराव कार्यकारिणीत होतो. शाहीर मात्र ज्यांच्यापुढे उभा राहतो, त्यांच्या भुकेतून, कर्जातून आणि अपमानातून घडत जातो. स्वराज्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, तेव्हा तिचा निषेध हा केवळ साम्यवाद्यांचा प्रश्न नव्हता, हेही आपण मान्य केले पाहिजे.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस झाले. एसेम, डांगे आणि अत्रे एका व्यासपीठावर बसले आणि त्या व्यासपीठापुढच्या अफाट जनसमुदायाला बांधून ठेवण्याचे काम शाहिरांनी केले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ अमर शेख यांच्या पहाडी आवाजातून महाराष्ट्रभर गेली. मुंबईत राबणारा नवरा आणि गावी राहिलेली बायको, ही आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची घरोघरची कहाणी. तिचा आधार घेऊन राज्याच्या सीमांचा प्रश्न मांडला गेला, म्हणून तो लोकांना कळला. आमच्यासारख्यांच्या लेखांनी तो इतका कळला नसता. गोवामुक्तीसाठीही अमर शेख गायले. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हा साम्यवादी पक्षात दुमत होते. शाहिराने मात्र देशासाठी गावोगाव कार्यक्रम केले, निधी जमवला. त्यांच्या निष्ठेचा कस येथे लागला आणि तो उतरला.

ते चित्रपटांतही गेले. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या १९५४च्या चित्रपटात त्यांनी काम केले. १९६१च्या ‘प्रपंच’मध्ये, गरिबी आणि पोराबाळांच्या भाराखाली पिचलेल्या एका कुंभाराच्या घराची गोष्ट आहे. त्या चित्रपटातील कुंभाराच्या चाकाचे प्रसिद्ध गाणे सुधीर फडके यांच्या आवाजात आहे. महाराष्ट्रातील एक अत्यंत बुलंद आवाज ज्या चित्रपटात आहे, त्यात त्याला अभिनयासाठी घेतलेले आहे! यात कोणाचा दोष नाही. चित्रपट हा भांडवलाचा आणि श्रमविभागणीचा धंदा आहे. शब्द एकाचे, गळा दुसऱ्याचा, चेहरा तिसऱ्याचा आणि नफा चौथ्याचा. शाहिरीत ही विभागणी होत नाही. डफ, तुणतुणे आणि मालमोटारीचा मागचा फाळका एवढ्या भांडवलावर शब्द, सूर, देह आणि मत एकाच माणसाचे राहते. त्या माणसाला विकत घेणे अवघड असते, याचे आर्थिक कारण हे आहे.

येथे मला एका फ्रेंच गायक-नटाची आठवण होते. ईव्ह मोंताँ यांचे मूळ नाव ईव्हो लिव्ही. १९२१ साली इटलीत जन्म. मुसोलिनीच्या फॅसिस्टांच्या जाचामुळे बापाने कुटुंबासह मार्सेय गाठले. पोराने अकराव्या वर्षी शाळा सोडली, कारखान्यात आणि गोदीत काम केले. १९४४मध्ये एदित पियाफ या गायिकेने त्यांना हात दिला. पुढे ते फ्रान्सचे अतिशय लोकप्रिय गायक आणि मोठे नट झाले. १९५३च्या ‘वेजेस ऑफ फिअर’ या चित्रपटात त्यांनी एका तेलकंपनीची स्फोटके वाहून नेणाऱ्या चालकाची भूमिका केली. जिवाची किंमत मजुरीत कशी मोजली जाते, हे शिकवायला त्याहून चांगला धडा मला वर्गात कधी सापडला नाही.

मोंताँ साम्यवादी पक्षाचे सभासद नव्हते, सहप्रवासी होते. १९५६च्या नोव्हेंबरात हंगेरीत रणगाडे शिरले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचा रशियाचा दौरा ठरलेला होता. ते गेले. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. तेथे ख्रुश्चेव्ह यांना त्यांनी आणि त्यांची पत्नी सिमोन सिन्योरे यांनी हंगेरीविषयी तोंडावर विचारले. पुढे १९७०मध्ये ‘द कन्फेशन’ या चित्रपटात मोंताँ यांनी प्रागमधील बनावट खटल्याच्या बळीची भूमिका करून आपला हिशेब जाहीरपणे मांडला. येथपर्यंत त्यांच्याविषयी आदरच वाटतो. परंतु १९८४ साली हाच गोदीकामगार फ्रेंच दूरचित्रवाणीवर आर्थिक संकटाचे स्वागत करणाऱ्या एका कार्यक्रमाचा सूत्रधार झाला. बेकारीच्या काळात कामगारांनी जुन्या हक्कांचा मोह सोडावा, असा त्याचा रोख होता. हुकूमशाहीचा भ्रम सुटला हे योग्यच झाले. पण त्या भ्रमाबरोबर ज्यांच्यातून आपण आलो ती माणसेही हातून सुटली, तर मिळवले काय? १९९१ साली मोंताँ निवर्तले.

या दोन आयुष्यांची तुलना करून एकाला थोर आणि दुसऱ्याला लहान ठरवण्याचा माझा हेतू नाही. अमर शेख यांना त्रेपन्नावे वर्षही पुरे करता आले नाही. २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ गेले. अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन आवाज थांबले. पुढची परीक्षा त्यांना द्यावीच लागली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा अमर शेख असते तर काय गायले असते, हे सांगता येत नाही. माझे चुलते त्या संपानंतर कायमचे गावी आले. त्यांच्या पेटीत मिल मजदूर सभेच्या पावत्या होत्या आणि अमर शेख यांच्या गाण्यांची एक जीर्ण चोपडी होती. दोन्ही त्यांनी एकाच फडक्यात बांधून ठेवल्या होत्या.

आता आपल्याविषयी. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची परंपरा आपली आहे. वसंत बापट, निळू फुले ही माणसे त्यातून पुढे आली. आज आपल्या मेळाव्यात काय होते? भाड्याने आणलेल्या ध्वनिवर्धकावर चित्रपटातील गाणी लागतात, मग भाषणे होतात आणि शेवटी आभार. चळवळीचे गाणे आपण बाजारातून विकत आणतो आणि लोक आपल्याकडे का येत नाहीत, याची चर्चा करतो. जी चळवळ स्वतःचे गाणे निर्माण करू शकत नाही, तिने लोकांच्या जगण्यातून आपण किती दूर गेलो, हे तपासून पाहिले पाहिजे.

तेव्हा माझे सांगणे तीन गोष्टींचे आहे. पहिले, आपल्या आयाबहिणींजवळ जात्यावरच्या ओव्या अजून शिल्लक आहेत, त्या लिहून घ्या. मुनेरबीच्या ओव्यांवाचून अमर शेख घडले नसते. दुसरे, गाणाऱ्या मुलामुलींच्या हाती पक्षाचा ठराव देऊन तो यमकात बसवायला सांगू नका. त्यांना आपल्यावरही टीका करू द्या. ज्या पक्षाला आपल्या शाहिराची भीती वाटते, त्याला उद्या मतदाराचीही वाटेल. तिसरे, त्यांचा प्रवासखर्च आणि जेवण यांची तजवीज आधी करा. ‘समाजकार्य आहे’ असे सांगून कलावंताला फुकट राबवणे हेही शोषणच आहे, आणि ते समाजवाद्यांना शोभत नाही.

शेवटी एकच. आईच्या ओव्यांवर वाढलेला बार्शीचा एक मुसलमान मुलगा मराठी राज्याच्या लढ्याचा आवाज झाला आणि तो कोणत्या धर्माचा, हे माझ्या चुलत्यांच्या खोलीत कोणी कधी विचारले नाही. आज आपल्या कोकणात, मोहल्ला आणि वाडी यांच्यामध्ये संशयाची भिंत बांधण्याचे उद्योग चालू आहेत. त्या भिंतीपलीकडच्या मुलालाही आपल्या कलापथकात बोलवा. तो यावा म्हणून आधी आपण त्याच्या घरी गेले पाहिजे. या अभ्यासवर्गातून परत जाताना निदान तेवढे ठरवून जाऊ या.