आजाऱ्याचे तोंड



राधानगरीहून घरचे म्हातारे माणूस कोल्हापूरला दवाखान्यात नेताना आपण चादर, डबा, कागदपत्रे आठवणीने घेतो. कवळीची डबी मात्र विसरतो. अब्बांच्या वेळी मीही विसरलो. आठवडाभर कवळी रात्रंदिवस तोंडातच राहिली. त्यांनी जेवण सोडले. आम्ही म्हटले, वय झाले! परिचारिकेने जीभ पाहिली, तो दह्यासारखे पांढरे थर.

ही कॅन्डिडा नावाची बुरशी. निरोगी तोंडातही ती असते. परंतु प्रतिजैविके, मधुमेह, कोरडे तोंड यांमुळे माजते. २०२१ साली गाजलेली काळी बुरशी वेगळी. कॅन्डिडावरील निस्टॅटिन हे औषध एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन स्त्रियांनी शोधले. १९५० साली ते जगापुढे आले. औषध आहे, पण दुर्लक्ष झाल्यास गिळणे अवघड होऊन अन्नपाणी तुटते. अस्वच्छ तोंडातील जंतू फुप्फुसात उतरून न्यूमोनियाही होऊ शकतो.

म्हणून वाचकहो, आजाऱ्याचे तोंड रोज दोनदा स्वच्छ करा. रात्री कवळी काढून, घासून पाण्यात ठेवा. दम्याचा फवारा घेतल्यावर चूळ भरायला लावा. पांढरे डाग दिसताच डॉक्टरांना दाखवा.

अब्बांनी पुन्हा भाकरी मागितली, तो दिवस आमच्या घरी ईदच होती.