एप्रिल छाटणी
(सातारा-सांगली जिल्ह्यांतील निधी-संकलकांच्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण, कवठे महांकाळ)



महांकालीच्या या गावात तुमचं मनापासून स्वागत. पाटण-जावळीहून आलेली मंडळी पहाटेच निघाली असतील. वाटेत हिरवा डोंगर मागे पडला, मग ऊस संपला आणि मिरजेच्या पुढे माळ सुरू झाला, तेव्हा आपण सांगलीच्या दुसऱ्या बाजूला आलो हे तुमच्या ध्यानात आलं असेल. कृष्णा-वारणेचा काठ म्हणजेच सांगली असं बाहेरच्यांना वाटतं. आमचा तालुका त्या काठापासून लांबचा, पर्जन्यछायेतला. इथून अग्रणी वाहते, पण वर्षातले बरेच महिने तिचं पात्र कोरडंच असायचं. तिला पुन्हा वाहती करायला लोकांनी श्रम दिले, पैसे दिले. म्हैसाळ योजनेचं पाणी वर चढून आलं आणि काही शिवारांचं रूप पालटलं. रांजणीला शेळ्या-मेंढ्यांचं सरकारी प्रक्षेत्र आहे. आरेवाडीला बिरोबाचं बन आहे, दसऱ्याला तिथे कुठून कुठून माणसं येतात. पंढरपूरच्या रस्त्याला लागलात तर दोन्ही बाजूंना बेदाण्याच्या शेड दिसतील. इथली कोरडी हवा पिकाला नडते आणि बेदाण्याला मानवते.

देणगी मागणाऱ्यांची परिषद या कोरड्या तालुक्यात का, असं काहींनी मला फोनवर विचारलं. माझं उत्तर साधं होतं. जिथे पाणी मोजून वापरतात तिथे नियोजन शिकवावं लागत नाही.

मी शाळेत शिकवलं आणि आज दोन एकर बाग सांभाळतो. त्यामुळे या परिषदेच्या विषयाचं नाव, ‘धोरणात्मक नियोजन’, वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे आधी बागच आली. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. कराड-पाटणच्या मंडळींसाठी सांगतो. माल काढून झाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. वेलीवर काही ठेवत नाहीत, एक-दोन डोळे राखून सगळं कापतात. मग भर उन्हाळ्यात नव्या फुटी येतात. त्यांची विरळणी करायची, शेंडे मारायचे, पाणी द्यायचं तेही मापात. या दिवसांत बागेत दाखवायला एक मणीही नसतो, खर्च मात्र चालू असतो. पण पुढच्या हंगामात किती घड येणार हे त्याच दिवसांत, काडीच्या डोळ्यात, ठरत असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडतो तेवढंच. उन्हाळ्यात ज्यानं बागेकडे पाठ फिरवली, त्यानं ऑक्टोबरमध्ये कितीही औषधं मारली तरी जे डोळ्यात नाही ते बाहेर येत नाही.

आपण निधी-संकलक वर्षानुवर्षं फक्त ऑक्टोबर छाटणी करत आलो आहोत. मार्च जवळ आला, इमारतीचा स्लॅब अडला, वसतिगृहाचा किराणा थकला की पावतीपुस्तक काखोटीला मारून बाहेर पडायचं. मिळालं की पुढच्या मार्चपर्यंत त्या माणसाची आठवण नाही.

एक प्रसंग सांगतो, तो माझ्याच हातून घडलेला आहे. मी ज्या संस्थेसाठी काम करत होतो तिनं मुलींच्या वसतिगृहासाठी वर्गणी काढली होती. एका वाडीवर मेंढरं राखणाऱ्या घरातल्या आजीनं एकशे एक रुपये दिले. मी पावती फाडली, ‘खोली बांधकामासाठी’ असं लिहिलं आणि नमस्कार करून निघालो. पुढे संचालकांनी ठराव केला, कंपाउंडची भिंत आधी बांधायचं ठरलं आणि रक्कम तिकडे वळली. ठराव कागदोपत्री नीट होता. सहा-सात वर्षांनी त्या वाडीवर एका लग्नाला गेलो, तर आजी मांडवात मला शोधत आली. लुगड्याच्या सोग्यातून तिनं एक डबी काढली. देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी होती ती. तिच्यात चार घड्या घातलेली माझी पावती होती, भंडाऱ्यानं पिवळी झालेली. घड्यांच्या रेषेवर अक्षरं पुसली होती, पण माझी सही शाबूत होती. “गुर्जी, त्या खोलीचं काय झालं वो? नातीला शाळंला धाडायचीया.”

मला उत्तर देता आलं नाही. खोली झालीच नव्हती. पण त्याहून मला हे लागलं की इतकी वर्षं कुणी तिला एक पोस्टकार्डही टाकलं नव्हतं. आम्ही पावतीची स्थळप्रत कपाटात टाकली होती आणि तिनं पावती देवाजवळ ठेवली होती.

म्हणून आपल्या निधी-संकलक संघाच्या पुढच्या तीन वर्षांच्या आराखड्याबद्दल माझं म्हणणं हे आहे, की तो ‘किती गोळा करायचं’ या आकड्यापासून सुरू होऊ नये. पावती फाडल्यानंतर काय करायचं, तिथून सुरू व्हावा. ज्यानं दिलं त्याला काय कळवायचं, कधी, कुणी, आणि काम ठरल्याप्रमाणे झालं नाही तर ते कुणी जाऊन सांगायचं, हे आधी लिहा. आकडा त्याच्या मागून येतो.

हे मी नवं काही सांगत नाही. या मातीत ते होऊन गेलेलं आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ते साताऱ्यात आले, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. वहिनींनी, भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडलं, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. त्या त्यागापुढे मान झुकतेच. पण निधी गोळा करणाऱ्यानं भाऊरावांची दुसरी बाजू जास्त बारकाईनं पाहावी. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडून त्यांनी मूठभर धान्य घेतलं. ज्या मुलाच्या घरी धान्यही नाही त्याच्याकडून श्रम घेतले आणि त्यालाच शिक्षण दिलं. १९४७ मध्ये साताऱ्याचं शिवाजी कॉलेज उभं राहिलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. देणारा आणि घेणारा अशी दोन गावं त्यांनी कधी वसवली नाहीत. मूठ देणाऱ्या घराला आपलं धान्य कुठल्या पोराच्या ताटात पडतं हे दिसत होतं, कारण ते पोर त्याच पंचक्रोशीतलं होतं. नियोजन म्हणतात ते हेच. त्यांनी त्याला ते नाव दिलं नाही इतकंच.

त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला. लोकमान्यांनी तो उचलून धरला आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्याला कंदिलाची काच हातात धरून बघता येत होती. आणि अलीकडचं, आपल्या शेजारचं उदाहरण हवं तर खानापूर तालुक्यातलं बळीराजा स्मृती धरण बघा. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या शेतकऱ्यांनी ते अडवलं, मोजकी वाळू स्वतः विकून धरणासाठी पैसा उभा केला आणि पाण्याचं वाटप करताना भूमिहीनाच्या घरालाही वाटा ठेवला. कुणाला काय मिळणार हे आधी ठरलं, पैसा नंतर जमला. हा क्रम आपल्या आराखड्यात उतरावा अशी माझी इच्छा आहे.

आता ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. सांगली बुडाली. आमच्या या कोरड्या पट्ट्यातल्या बायकांनी रात्र-रात्र भाकरी थापल्या. ज्यांच्या दारात त्या उन्हाळ्यात टँकर येत होता त्यांनी पुरात अडकलेल्यांना जेवण पाठवलं, याचा मला जन्मभर अभिमान वाटेल. पण तुमच्यापैकी जे त्या दिवसांत काठावर राबले त्यांनी दुसरंही पाहिलं आहे. रस्त्यालगतच्या गावात तीन-तीन वेळा मदत पोचली आणि आतल्या वस्तीवर एकदाही नाही. जुन्या कपड्यांचे ढीग शाळांच्या व्हरांड्यात भिजत पडले. दिवाळीच्या सुमाराला घराच्या भिंती उचलायची वेळ आली, पोरांना पुस्तकं हवी होती, जनावर परत घ्यायचं होतं, तेव्हा गाड्यांची रांग केव्हाच आटली होती. लोकांचं मन मोठं होतं, पण ते कुठे, कधी, किती लागेल हे सांगणारी आपली घडी नव्हती. पूर पुन्हा येईल, दुष्काळही येईल. कुठल्या तालुक्यानं काय गोळा करायचं, कुणी थांबायचं, पहिल्या आठवड्यात काय आणि तिसऱ्या महिन्यात काय, याचा कागद संघाकडे पावसाळ्याआधी तयार हवा. या परिषदेतून दुसरं काहीही निघालं नाही आणि हा एक कागद निघाला, तरी तुमचा प्रवास मी सार्थकी लागला समजेन.

कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल उद्या स्वतंत्र सत्र आहे, म्हणून थोडक्यात बोलतो. कंपनी कायदा २०१३ नं ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. पण त्याच कायद्यात कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही आहे. कारखाने पुण्या-मुंबईकडे, तर निधीचा ओढाही तिकडेच. जत, आटपाडी, माण, खटाव, कवठे महांकाळ यांच्या वाट्याला त्यातलं किती येतं हे तुम्ही जाणता. प्रस्ताव जरूर पाठवा, पण त्या भरवशावर वसतिगृहाचा किराणा भरू नका.

आपला खरा ठेवा वेगळा आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळच्या गावोगावची गलाईवाली मंडळी सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. केरळात जा नाहीतर पंजाबात, बाजारपेठेत मराठी बोलणारं दुकान सापडतं. ती यात्रेला गावी येतात आणि आपण त्यांना गाठतो ते देवळाच्या कळसासाठी, तेही गर्दीत, घाईत. कळसाला मी नाही म्हणत नाही. पण वर्षभरात त्यांना गावची शाळा, गावचं पाणी, गावच्या पोरींचं वसतिगृह याबद्दल एक पत्र तरी जातं का? ती मंडळी लांब राहून गावाशी बांधलेली आहेत. त्यांची नीट, त्यांच्या संमतीनं केलेली नोंद आज एकाही तालुक्यात नाही. हे काम एप्रिल छाटणीसारखं आहे, त्यात लगेच घड दिसणार नाही.

एका गोष्टीवर मला या सभागृहाकडून स्पष्ट ठराव हवा आहे. टक्केवारी. ‘इतके आणून दे, त्यातले इतके टक्के तुझे’ हा व्यवहार आपल्याकडेही शिरला आहे. निधी गोळा करणाऱ्याला पगार मिळालाच पाहिजे, चांगला मिळाला पाहिजे, कार्यकर्त्यानं उपाशी राहावं या मताचा मी नाही. पण जमलेल्या रकमेवर टक्के मिळू लागले की एकशे एक रुपये देणाऱ्या आजीच्या वाडीवर कुणी चढणार नाही. अमेरिकेत १९६० साली निधी-संकलकांची जी संघटना स्थापन झाली, आजची असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स, तिच्याही आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घेणं निषिद्ध आहे. तिकडे पैसा भरपूर असूनही त्यांना ही रेघ आखावी लागली. आपण ती आजच आखू.

हिशेबाचं ओझं छोट्या संस्थांना पेलत नाही हेही मला कळतं. धर्मादाय आयुक्तांकडची विवरणं, देणगीवरच्या करसवलतीच्या नोंदणीचं नूतनीकरण, दरवर्षी देणगीदारांची माहिती आयकर खात्याकडे भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र देणं, दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत बसत नाही हे देणाऱ्याला आधी सांगणं, हे सगळं दोन खोल्यांच्या संस्थेतला एकटा कारकून कसं करणार? चार-पाच संस्थांनी मिळून एक जाणकार हिशेबनीस ठेवावा. संघानं त्याची घडी बसवून द्यावी. यावर आज दुपारी चर्चा आहे. साताऱ्याच्या मंडळींना याचा अनुभव आहे, त्यांनी मोकळेपणानं बोलावं.

व्यवस्थेत काही उणं पडलं तर मला थेट सांगा. गावातल्या घरांनी तुमच्या मुक्कामाची जबाबदारी घेतली आहे. रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं आहे.

प्रवेशद्वाराशी तुम्हाला जी कोरी वही मिळाली, तिच्या पहिल्या पानावर कृपया आत्ताच, पहिलं सत्र सुरू होण्याआधी, तुमच्या संस्थेला पाचशे रुपयांच्या आत देणगी दिलेल्या दहा माणसांची नावं आठवून लिहा. फोनमध्ये बघू नका. नावापुढे त्यांचं गाव लिहा आणि त्यांच्या पैशाचं काय झालं हे त्यांना शेवटचं कधी कळवलंत ती तारीख लिहा. तारीख नसेल तर जागा कोरी सोडा. पानं गोळा करायला स्वयंसेवक फिरतील. मी माझं पान लिहून अध्यक्षांकडे दिलं आहे. त्यात एका आजीचं नाव आहे आणि तिच्यापुढची तारीख गेल्या महिन्यातली आहे. खोलीला छत पडलं, हे सांगायला मी वाडीवर गेलो होतो.

आता अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.