यकृताचा कर्करोग आणि विजेच्या स्पंदांची कसोटी



हिवरे बाजारसारख्या गावात यकृताच्या कर्करोगावरील विजेच्या उपचाराचा विषय मांडला जावा, हे प्रथमदर्शनी काहीसे नवलाचे वाटेल. हे गाव सर्वांना ठाऊक आहे ते पाण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर ज्याची घडी विस्कटत गेली, पोटासाठी माणसे ज्या गावातून बाहेर पडली, ते गाव १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांच्या बळावर पुन्हा उभे राहिले. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. तथापि, या परिवर्तनाचे खरे मर्म बंधाऱ्यांइतकेच मोजमापात आहे. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी कुठवर आली, माणसांना आणि जनावरांना किती पाणी लागेल, शेतीसाठी किती उरेल, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि पीक कोणते घ्यायचे हे त्यानंतर ठरते. उसाची हौस कितीही असली तरी हिशेब जे सांगेल तेच मान्य करायचे, ही या गावाची शिस्त आहे.

वैद्यकशास्त्रात नव्या उपचाराची कसोटी घेतली जाते ती नेमक्या याच शिस्तीने. म्हणूनच हा विषय या गावाला परका नाही.

निमूट सोसणारा अवयव

यकृत हा शरीरातील मोठा कष्टाळू अवयव. अन्नरसाचे पचन आणि साठवण, रक्त गोठविणाऱ्या घटकांची निर्मिती, विषारी द्रव्यांचा निचरा अशी असंख्य कामे तो गाजावाजा न करता पार पाडतो. त्याचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत तक्रार जाणवत नाही आणि हेच त्याच्या आजाराचे सर्वांत घातक वैशिष्ट्य आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यातच या रोगाचे गांभीर्य कळून येते.

गाठ लहान असेल आणि उरलेले यकृत सुदृढ असेल, तर शस्त्रक्रियेने ती काढता येते. काही रुग्णांना यकृत प्रत्यारोपणाचा लाभ होतो. परंतु बहुतेकांचे यकृत आधीच सिरॉसिसने कडक झालेले असते आणि मोठी शस्त्रक्रिया त्यांना झेपत नाही. अशांसाठी बाहेरून सुई घालून गाठ जागच्या जागी नष्ट करण्याच्या पद्धती आल्या. त्यांत रेडिओफ्रीक्वेन्सी आणि मायक्रोवेव्ह या प्रमुख. दोन्हींचे तत्त्व एकच: उष्णतेने गाठ भाजून काढणे.

या उष्णतेला एक मर्यादा आहे. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असेल, तर वाहते रक्त ती उष्णता वाहून नेते आणि वाहिनीलगतच्या पेशी जिवंत राहतात. वाहत्या ओढ्याकाठी पेटविलेली शेकोटी ओल्या काठाला जाळू शकत नाही, तसाच हा प्रकार. शिवाय शेजारची पित्तनलिका भाजली गेली तर नवेच संकट उभे राहते. विजेच्या स्पंदांचा विचार पुढे आला तो या अडचणीतून.

स्पंद नेमके काय करतात?

प्रत्येक पेशीभोवती मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढे पातळ आवरण असते. तीव्र विद्युत्‌क्षेत्राचा क्षणिक झटका बसला की त्या आवरणात सूक्ष्म छिद्रे पडतात. झटका सौम्य असेल तर छिद्रे बुजतात. १९८२ साली एबरहार्ड न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा छिद्रांतून पेशीत जनुके शिरवून दाखविली. पुढे फ्रान्समध्ये ल्युई मीर आदींनी याच वाटेने कर्करोगाचे औषध पेशीत पोचविले. झटका अधिक तीव्र असेल तर मात्र छिद्रे बुजत नाहीत, पेशीचा तोल ढळतो आणि ती मरते. २००५ साली राफाएल दावालोस, ल्युई मीर आणि बोरिस रुबिन्स्की यांनी मांडले की, फारशी उष्णता निर्माण न करताही या रीतीने ऊतींचा मोठा भाग नष्ट करता येईल. या पद्धतीला ‘इरिव्हर्सिबल इलेक्ट्रोपोरेशन’ म्हणतात. तिचे ‘नॅनोनाइफ’ हे यंत्र पुढे प्रचारात आले.

प्रत्यक्षात गाठीभोवती दोन ते सहा सुया समांतर बसविल्या जातात. सुयांच्या प्रत्येक जोडीतून ३,००० व्होल्टपर्यंतचे साधारण ७० ते ९० स्पंद सोडले जातात आणि एकेक स्पंद सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. पेशी मरतात, पण रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका यांचा तंतुमय सांगाडा बहुधा शाबूत राहतो. घर रिकामे व्हावे आणि भिंती उभ्या राहाव्यात, तशी ही किमया. वाहिनीलगतच्या गाठींसाठी या पद्धतीकडे आशेने पाहिले जाते ते यामुळेच. याहून कितीतरी अल्पकालीन, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात मोजल्या जाणाऱ्या स्पंदांवरही अमेरिका आणि चीन येथे संशोधन झाले आहे.

कसोटीच्या पायऱ्या

कल्पना सुंदर आहे म्हणून उपचार सिद्ध होत नाही. पहिली कसोटी सुरक्षिततेची. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे केनेथ थॉमसन यांच्या गटाने यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुस यांच्या गाठी असलेल्या ३८ रुग्णांवर ही पद्धत वापरून २०११ साली निष्कर्ष मांडले. प्रारंभी ४ रुग्णांच्या हृदयाची लय बिघडली. तेव्हापासून हृदयाच्या आलेखाशी मेळ घालून, दोन ठोक्यांमधील सुरक्षित क्षणीच स्पंद सोडण्याची रीत रूढ झाली. स्नायू जोराने आकुंचन पावतात म्हणून पूर्ण भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषधही आवश्यक ठरले. चूक लपविली असती तर ही सुधारणा झाली नसती.

दुसरी कसोटी परिणामाची. नेदरलँड्समधील एका अभ्यासात शस्त्रक्रिया आधीच ठरलेल्या १० रुग्णांना स्पंद देऊन, त्यानंतर गाठ काढून तपासण्यात आली. तासाभरातच पेशींचा मृत्यू सुरू झाल्याचे त्यातून दिसले. त्याच देशातील पुढच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. आतड्याच्या कर्करोगातून यकृतात पसरलेल्या आणि शस्त्रक्रिया वा उष्णता यांना अयोग्य ठरलेल्या ७६ गाठींवर, ५० रुग्णांमध्ये उपचार झाले. वर्षअखेर सुमारे ६८ टक्के रुग्णांत उपचाराच्या जागी रोग पुन्हा वाढलेला नव्हता. मात्र सुमारे ४० टक्के उपचारप्रसंगी काही ना काही गुंतागुंत झाली आणि एका रुग्णाचा मृत्यू उपचाराशी संबंधित असण्याची शक्यता नोंदविली गेली. यकृतातच उद्भवणाऱ्या कर्करोगाबाबत फ्रान्समधील २०१७ चा अभ्यास आहे. त्यात ५८ रुग्णांच्या ७५ गाठींपैकी ६९ गाठी एक ते तीन वेळच्या उपचारांनंतर पूर्ण नष्ट झालेल्या दिसल्या.

हे आकडे उमेद देणारे आहेत, पण ते शेवटचा शब्द नव्हेत. तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी तुलनेची असते. सारख्याच स्थितीतील रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागायचे, एका गटाला नवा आणि दुसऱ्याला प्रचलित उपचार द्यायचा आणि कोण किती काळ व कसा जगला हे पाहायचे. यकृतातील विद्युत्-स्पंदांचा आधार आजही मुख्यतः तुलनागट नसलेल्या अभ्यासांवर उभा आहे. म्हणून निवडक रुग्णांसाठी हा एक पर्याय आहे, सर्वांसाठी रामबाण नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

आपल्या मातीतील अनुभव

अशी कसोटी परदेशांतील प्रयोगशाळांतच होते, हा समज चुकीचा आहे. नगर जिल्ह्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे, १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण स्वतः दवाखान्यात येईल याची वाट न पाहता गावोगाव जाऊन नोंद करण्याची पद्धत तेथे विकसित झाली. त्याच पायावर, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन तपासण्यांची तुलना त्यात होती. तिन्ही कागदावर उपयुक्तच वाटत होत्या. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणते, असे सिद्ध झाले. इतर दोहोंचा तसा ठळक परिणाम त्या अभ्यासात दिसला नाही. तुलनागटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नव्हती, यावर पुढे टीकाही झाली आणि ती गंभीर होती. ज्याच्यावर प्रयोग होतो तो आपला बांधव आहे, आकडा नव्हे, हे भान कोणत्याही संशोधनात सुटता कामा नये.

हे भान कायद्यातही उतरले आहे. १५ जून २००९ पासून आपल्या देशात औषधांच्या मानवी चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी बंधनकारक झाली. २०१९ च्या नियमांनी नीतिसमितीची मंजुरी, रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद अधिक स्पष्ट केली.

कुटुंबाने काय विचारावे?

घरातील कर्त्या माणसाला असा आजार झाला की कुटुंब हवालदिल होते. कोणी सांगतो, अमुक शहरात विजेचे नवे यंत्र आले आहे, आणि शेत गहाण पडते. अशा वेळी मन स्थिर ठेवून डॉक्टरांना काही प्रश्न विचारावेत. गाठ किती मोठी आहे आणि कुठे आहे? शस्त्रक्रिया वा उष्णतेचा उपचार का शक्य नाही? रुग्णाच्या हृदयाची लय ठीक आहे का, पेसमेकर बसविलेला आहे का? हा नियमित उपचार आहे की संशोधनाचा भाग? संशोधन असेल तर त्याची नोंदणी आणि नीतिसमितीची मंजुरी आहे का, संमतिपत्र मराठीत मिळेल का, खर्च कोण करणार? चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार रुग्णाला असतो आणि तो वापरल्याने नेहमीचे उपचार थांबविता येत नाहीत. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याचे मत घ्यावे.

उगमाशी बांध

शिवारातले पाणी माथ्यावर अडवावे लागते, पायथ्याशी लोंढा आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. यकृताच्या कर्करोगाचेही तसेच आहे. त्याची मोठी कारणे ज्ञात आहेत: हिपॅटायटिस-बी आणि सी हे विषाणू, दारू, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील व मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष, आणि लठ्ठपणा व मधुमेह यांमुळे यकृतात साठणारी चरबी. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शोधणारे बरूच ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना त्याची लस देण्यास आरंभ केला आणि तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले. आपल्याकडे १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वदेशी लस आणून तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. २०११ पासून ती देशभरच्या नियमित लसीकरणात आहे. जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली मात्रा देणे महत्त्वाचे असते, हे प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे.

हिवरे बाजारने दारूचे गुत्ते बंद केले ते संसार वाचविण्यासाठी. त्यातून गावातील यकृतेही वाचली, हा त्या निर्णयाचा न मोजलेला लाभ आहे. विवाहापूर्वी एचआयव्ही तपासणीचा आग्रह धरणाऱ्या या गावाला हिपॅटायटिसची तपासणी आणि बाळांच्या लसीची नोंद अवघड नाही. जे एका गावाला साधते ते इतर गावांनाही साधेल.

विद्युत्-स्पंदांचे शास्त्र पुढे जात राहील. आज जे निवडक रुग्णांपुरते आहे, ते उद्या अनेकांच्या उपयोगी पडेल किंवा कसोटीत मागेही पडेल. दोन्ही निष्कर्ष समाजाने सारख्याच मोकळेपणाने स्वीकारायला हवेत. तोवर प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत दोन कामे करावीत: जन्मलेल्या प्रत्येक बाळाला वेळेवर लस मिळाली का हे पाहावे, आणि आजारी माणसाच्या घरी जाऊन त्याच्या कुटुंबाला योग्य प्रश्न विचारण्याचे बळ द्यावे.