न सांगितलेलं यंत्राला कळत नाही

कवितेत निम्मं न सांगता ठेवावं, असं मी आयुष्यभर मानत आलो. माझ्या लेकीचं काम नेमकं उलटं. संगणकाचा माउस आणि कीबोर्ड आपोआप चालवणारी साधनं असतात. 'पायऑटोगुई' हे त्यांतलंच एक. आता एआय एजंटही ती वापरू लागलेत. साधनाची माहिती वाचायची आणि स्वतःच क्लिक करायचं! ही माहिती लिहायचं काम तिच्याकडे.

"अब्बा, काही राहिलंय का बघा," म्हणाली. पहिलंच वाक्य होतं, 'दिलेल्या जागी क्लिक करतो.' मी विचारलं, जागा मोजायची कुठून? शाळेतल्या आलेखात वाय वरच्या दिशेनं वाढतो. पडद्यावर मोजणी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि वाय खाली वाढत जातो. हे लिहिलं नाही तर एजंट बहुधा विचारत बसणार नाही, अंदाज करील. तो अंदाज 'डिलीट'वर पडला तर?

पुढे होतं, चित्र दाखवून पडद्यावरचं बटण शोधता येतं. आणि सापडलं नाही तर? इथं खरी मेख होती. जुन्या आवृत्त्या मुकाट्यानं 'काही नाही' असं उत्तर देत. नव्या आवृत्त्या चूक दाखवून कामच थांबवतात. म्हणजे कुठली आवृत्ती, तेही लिहायला हवं.

अगदी तळाशी एक ओळ होती : काम बिघडतंय असं दिसलं तर माउस पडद्याच्या कोपऱ्यात न्यावा, साधन थांबतं.

"ही आधी वर घे," मी म्हटलं.