टाकीमागचं काटेरी झाड
(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेलं भाषण)



बँकेत ३६ वर्षं मी सह्या ताडून पाहिल्या. तरी एका झाडाला फसलो, ती गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत माझं एसजीपीटी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, यकृतावर चरबी आहे, वजन उतरवा. ते जमेना. (हसू नका, तर्री-पोहे कोणाला सुटलेत?) तेवढ्यात मोबाईलवर ‘मिल्क थिसल’ची माहिती आली. यकृतावर रामबाण म्हणे! फोटोत काटेरी पानं, त्यांवर पांढऱ्या रेषा. म्हटलं, हे तर आपल्या पाण्याच्या टाकीमागे उगवतंय. बी आणलं, काढा उकळत ठेवला. कामाच्या बाईंनी पाहिलं. "काकाजी, हा तं पिवळा धोत्रा आहे! ढोरं तोंड लावत नाही याले." गॅस तिथेच बंद.

मग वाचत बसलो. मिल्क थिसल सूर्यफुलाच्या कुळातलं, फूल जांभळं. बियांत दीड ते तीन टक्के सिलिमरिन, त्यातला मुख्य घटक सिलिबिन. युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णाला ते शिरेतून देतात. चरबीच्या यकृतावर मात्र त्याचा गुण ठामपणे सिद्ध झालेला नाही. शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणजे बी खरं असतं तरी माझ्या काढ्यात फारसं काही उतरलं नसतं!

पिवळा धोत्रा अफूच्या कुळातला. देठ मोडला की पिवळा चीक येतो, ही खूण. बी मोहरीसारखं दिसतं, त्याच्या तेलात सँग्विनारिन नावाचं विष. १९९८ साली दिल्लीत हे तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं. लोकांचे पाय सुजले, धाप लागली, हृदयावर ताण आला. ६० हून जास्त माणसं गेली. आणि मी ते बी आपल्या हातानं उकळत होतो.

आपल्या माळरानावर थिसलची खरी सख्खी म्हणजे उटकटारी. निळसर पांढरे काटेरी गोळे येतात ना, तीच. तिच्यात एपिजेनिनसारखी फ्लेवोनॉइड्स आहेत, वैदू मूळ वापरतात. आपली करडईसुद्धा याच गोतातली. काढणीला हात सोलून निघतात, ते उगाच नाही.

माझं एसजीपीटी? चार किलो उतरल्यावर खाली आलं.

टाकीमागे यंदा पुन्हा पाच-सहा रोपं आली आहेत. रविवारी सकाळी सातला उपटायला या. हातमोजे आणा, चहा आमच्याकडे.