विजेची सायकल आणि तिची जोडगाडी

शेकडो किलोमीटर अंतर आगगाडीने अथवा मालमोटारीने काटून आलेली साखरेची गोणी पुष्कळदा अखेरच्या हजार पावलांत अडून पडते. मोठी गाडी पेठेच्या तोंडाशी थांबते. पुढे गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंस दुकाने, मध्ये माणसांची दाटी. बेळगावची गणपत गल्ली असो, इंदूरच्या राजवाड्याभोवतालचे रस्ते असोत, की ग्वाल्हेरचा बाडा असो, दृश्य फारसे निराळे नसते. तेथून पुढचा प्रवास हातगाडीवर, नाही तर माणसाच्या डोक्यावर होतो. दूरच्या वाहतुकीचा प्रश्न यंत्राने केव्हाच सोडविला. जवळच्या वाहतुकीचा भार मात्र अजून बहुतांशी माणसाच्या अंगावरच आहे.

या जवळच्या वाहतुकीत सायकलीने फार जुनी सेवा बजावलेली आहे. मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था 1890 मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केली. तिने पुढे जी कामाची वाटणी पत्करली ती आजही अभ्यासण्याजोगी आहे. दूरचा पल्ला आगगाडीने गाठावयाचा, आणि घरापासून स्टेशनापर्यंत व स्टेशनापासून कचेरीपर्यंतचा पल्ला सायकलीने, हातगाडीने वा पायी उरकावयाचा. गोव्यात भल्या पहाटे रबरी भोंगा वाजवीत दारोदार फिरणारा पाववालाही सायकलीवरच येतो. या दोन धंद्यांकडे नीट पाहिले असता सायकलीच्या मर्यादाही ध्यानी येतात. पाव वजनाला हलका, पण जागेला भारी. टोपली भरली की सायकलीची ताकद शिल्लक असूनही जागा संपते. उलट घरगुती गॅसचे नळकांडे जागा थोडी व्यापते, पण आतल्या 14.2 किलो गॅससह त्याचे वजन सुमारे 30 किलो भरते. अशी चार नळकांडी सायकलीच्या दोन्ही अंगांना लटकविली की चालविणाऱ्याचा तोल आणि सायकलीचा सांगाडा या दोहोंचीही कसोटी लागते.

या दोन्ही अडचणींवरील एक साधा उपाय म्हणजे सायकलीमागे दुसरी छोटी गाडी जोडणे. इंग्रजीतून आलेला ट्रेलर हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. तिला जोडगाडी म्हटले तरी चालेल. सायकलीच्या मागच्या आसापाशी एक कडी बसवावयाची आणि तिला गाडीचा दांडा अडकवावयाचा, एवढीच तिची रचना. ही कल्पना नवी नव्हे. नवे आहे ते सायकलीला लाभलेले विजेचे बळ. त्यामुळे पूर्वी हौसेचा किंवा नाइलाजाचा वाटणारा हा प्रकार आता व्यवहाराच्या कक्षेत आला आहे.

हे बळ किती लागते, याचा हिशेब अवघड नाही. चालविणारा 65 किलोचा, मालवाहू सायकल 35 किलोची आणि तिच्यावरील माल 50 किलोचा असे धरले तर एकूण भार 150 किलो होतो. आता मागे 40 किलोची जोडगाडी लावली आणि तीत 150 किलो माल भरला, तर एकूण भार 340 किलोंवर जातो. म्हणजे भार सव्वादोन पटींच्या किंचित वर जातो, पण माल मात्र 50 वरून 200 किलो, चौपट होतो. जोडगाडीचा सारा किफायतीचा भाग या एका गणितात आहे. माणूस तोच, यंत्र तेच, फेरीही तीच. चार फेऱ्यांचे काम मात्र एका फेरीत होते.

सपाट डांबरी रस्त्यावर हा 340 किलोंचा भार ताशी 15 किलोमीटर वेगाने नेण्यास ढोबळ मानाने 150 वॅट शक्ती पुरते. धडधाकट माणूस तासन् तास पायडल मारीत राहिला तर 75 ते 100 वॅट देऊ शकतो. तेव्हा सपाटीवर उणीव थोडीच पडते. खरा प्रश्न चढावर उभा राहतो. वीस मीटर चालल्यावर एक मीटर वर नेणारा चढ लागला की तोच भार ताशी 8 किलोमीटर वेगाने ओढण्यास 430 वॅट लागतात. केवळ स्वतःच्या 100 वॅटांवर अवलंबून राहणाऱ्या माणसाचा वेग अशा चढावर ताशी 2 किलोमीटरांच्याही खाली येईल. म्हणजे त्याने उतरून गाडी ढकलणे क्रमप्राप्तच. विजेचे 250 वॅट मदतीस आले तर तोच माणूस ताशी साडेसहा किलोमीटर वेगाने, बसल्या जागी, चढ चढून जातो. पणजीच्या आल्तिनोसारख्या टेकडीवर माल पोचविणाऱ्याला या फरकाचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

अर्थात, मोटर कोठे बसविलेली आहे यालाही महत्त्व आहे. चाकाच्या तुंब्यात बसविलेली मोटर जड भाराने व मंद गतीने फिरू लागली की तिची कार्यक्षमता घटते आणि ती तापते. पायडलांपाशी बसविलेली मोटर सायकलीच्या गिअरांचा लाभ घेते; गिअर उतरविला की चढावरही ती आपल्या सोयीच्या वेगाने फिरते. चढउताराच्या गावी जोडगाडी ओढावयाची असेल तर दुसरा प्रकार श्रेयस्कर. बॅटरीचा अंदाजही आधीच घ्यावा. वारंवार थांबणे आणि लहानसहान चढ धरून दर किलोमीटरला 15 ते 20 वॅट-तास खर्च धरला, तर 500 वॅट-तासांची बॅटरी 25 ते 33 किलोमीटर पुरते. पेठेतील दिवसाच्या कामाला हे अंतर बहुधा पुरेसे असते.

ओढण्यापेक्षा थांबविणे अधिक कठीण. बैलगाडी हाकणाऱ्याला हे ठाऊक असते की, चढावर बैलांची परीक्षा होते, पण उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येते तेव्हा धन्याची परीक्षा होते. जोडगाडीचेही तसेच आहे. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारी 150 किलोंची सायकल चांगल्या ब्रेकांनी सुमारे चार मीटरांत थांबते असे धरू. त्याच ब्रेकांवर 340 किलोंचा भार टाकला तर तेच अंतर नऊ मीटरांच्या घरात जाते. शिवाय वळणावर ब्रेक दाबला असता मागची गाडी सायकलीला बाजूला ढकलू पाहते, आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक निसटण्याचे भय असते. यास्तव जड मालाच्या जोडगाडीला स्वतःचा ब्रेक असलाच पाहिजे. यावरील एक तोडगा मोठा सुटसुटीत आहे. सायकल मंदावली की जोडगाडी पुढे रेटा देते, दांडा किंचित आत सरकतो आणि त्या सरकण्यानेच जोडगाडीच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. जो रेटा अपघात घडवावयाचा तोच गाडीला आवरतो.

माल कसा भरावा यालाही शास्त्र आहे, आणि ते गाडीवानांच्या भाषेत केव्हाचे सांगून ठेवलेले आहे. भार पुढे फार झाला तर गाडी धुरजड होते, मागे फार झाला तर उलाळ होते. जोडगाडी धुरजड झाली की सायकलीच्या मागच्या चाकावर व कडीवर ताण पडतो. उलाळ झाली की दांडा वर उचलला जातो, मागच्या चाकाची पकड सुटते आणि वेग वाढताच गाडी डावीउजवीकडे झोले खाऊ लागते. सबब जड वस्तू तळाशी आणि आसाच्या किंचित पुढे ठेवाव्यात, हा मध्यम मार्ग. कडी दैवयोगाने निसटलीच तर गाडी रस्त्यावर मोकाट सुटू नये म्हणून दांड्याला एक मजबूत पट्टाही बांधलेला असावा. वळण घेताना जोडगाडीची चाके आतल्या अंगाने कापीत जातात, म्हणून वळण मोठे घ्यावे. रात्री मागचा दिवा जोडगाडीवर हवा. सायकलीवरचा दिवा मालाआड लपतो.

युरोपातील काही शहरांत या साधनाचा अनुभव जमा झालेला आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ग्राहक व शेतकरी यांनी मिळून चालविलेल्या एका शेतीसंस्थेचा भाजीपाला शहरात वाटावयाचा होता. त्या गरजेतून कार्ला कार्गो नावाची तीन चाकांची जोडगाडी तयार झाली. सुमारे 150 किलो माल वाहणाऱ्या या गाडीला वर सांगितलेला रेट्याचा ब्रेक आहे, आणि पुढच्या तिसऱ्या चाकामुळे सायकलीपासून सोडविली की ती हातगाडीसारखी ढकलता येते. जेथे सायकलही नेता येत नाही अशा बोळात किंवा गुदामात तिचा हा गुण उपयोगी पडतो. हॅम्बुर्ग शहरात 2012 मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीने मध्यवस्तीत मोठा कंटेनर उभा करून त्याचेच तात्पुरते गुदाम केले. मोठी गाडी सकाळी माल उतरवी आणि पुढील वाटप पायी व मालवाहू सायकलींनी होई. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर विद्यापीठातील अभ्यासकांनी पेडल मी या कंपनीच्या सायकलींच्या फेऱ्या व्हॅनच्या वाहतुकीशी ताडून पाहिल्या. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मध्यवस्तीत सायकलींनी ताशी सरासरी 10 पार्सले पोचविली, तर व्हॅनने 6.  तिचा वेळ गर्दीत आणि जागा शोधण्यात जात होता.

या उदाहरणांवरून सर्वत्र जोडगाडीच चालेल असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. अंतर दहा किलोमीटरांपलीकडे गेले, चढ फार तीव्र झाले, किंवा माल एकाच ठिकाणी टनाने उतरावयाचा असला, की मोटारीला पर्याय उरत नाही. खड्ड्यात एक चाक गेले की उंच रचलेली गाडी कलंडते, आणि पावसाळ्यातील रस्त्यांवर हा धोका लहान नव्हे. उलट जेथे थांबे पुष्कळ, अंतरे थोडी आणि जागा अरुंद, तेथे जोडगाडीचा खरा प्रांत सुरू होतो. तिचा आणखी एक लाभ असा की, ती कायमची गळ्यात पडत नाही. थोडा माल असेल त्या दिवशी सायकल एकटी जाते. दोन जोडगाड्या असल्या तर एक दुकानात भरली जात असता दुसरी फेरीवर असते. इंजिन एक आणि डबे दोन, असा हा व्यवहार आहे.

भारतातील कायद्याने अशा सायकलीला बरीच मोकळीक ठेवली आहे. मोटरची शक्ती 250 वॅटांहून कमी, मोटरची मदत ताशी 25 किलोमीटरला बंद पडणारी, ब्रेक व प्रकाश परावर्तित करणाऱ्या चकत्या बसविलेल्या, आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोंच्या आत असलेली विजेची सायकल मोटार-वाहनांत गणली जात नाही. याच्या वरची पायरी विजेच्या तीनचाकी मालगाडीची. 2015 च्या दुरुस्तीने मोटार-वाहन कायद्यात तिला स्थान मिळाले आणि तिची मालाची मर्यादा 310 किलो ठरविण्यात आली. तिला मात्र नोंदणी व परवाना लागतो. हातगाडी आणि ही मालगाडी यांच्यामधली जागा जोडगाडीने भरून काढावी, असे आहे.

तथापि, या साधनाचे बरेवाईट अखेर एका प्रश्नावर ठरेल. यंत्राचे बळ आले की माणसाचे ओझे हलके व्हावे, ही अपेक्षा; पण फेरीगणिक मजुरी असली म्हणजे अनुभव बहुधा उलटा येतो. 150 किलोंच्या गाडीवर 300 किलो लादले जातात, चढ निभतो म्हणून कोणी हटकत नाही, आणि एखाद्या उतारावर ब्रेक हरतात. त्या वेळी पुढे मालक नसतो, हमाल असतो. म्हणून भाराची मर्यादा गाडीवर ठळक अक्षरांत रंगविलेली असावी, ती मोडण्याचा हुकूम नाकारण्याचा अधिकार चालविणाऱ्यास असावा, आणि ब्रेकांची तपासणी रोज सकाळी माल भरण्यापूर्वी व्हावी. एवढे पथ्य पाळले तर पिढ्यान् पिढ्या छातीच्या जोरावर पेठेचा माल ओढीत आलेल्या माणसाला, चढाच्या पायथ्याशी खाली न उतरता, बसून वर जाता येईल.