लिंक नको, गाणं पाठव

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे हेडफोन नीट बसवून घ्या. आजचा विषय तसा छोटा आहे, पण माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतोय.

तुम्हाला एखादं गाणं जाम आवडतं. आजूबाजूला ते कुणालाच माहीत नसतं. रात्री साडेअकराला तुम्ही ते मित्राला पाठवता. दोन निळ्या टिका येतात. मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारता, "ऐकलंस का रे?" तो म्हणतो, "हो हो, भारी आहे." तुम्हाला कळतं की ऐकलेलं नाही. त्यालाही कळतं की तुम्हाला कळलंय. विषय संपतो.

आमच्या एका ग्रुपवर एकाने एका झटक्यात १४ लिंक टाकल्या होत्या. खाली मजकूर एवढाच, "मस्ट लिसन". त्यावर तीन अंगठे आले आणि लगेच कुणीतरी पिकनिकचा विषय काढला. १४ गाणी त्या अंगठ्यांखाली गाडली गेली बिचारी. गाणी चांगली होती हो! एक-दोन तर फारच चांगली होती.

आता मित्र वाईट असतात असं नाही. फोनवर गाणं ऐकण्याची आपली सवयच तशी झालीये. २०१४ मध्ये पॉल लामेर नावाच्या माणसाने स्पॉटिफायवर लोक गाणी कशी ऐकतात याचा हिशेब मांडला होता. साधारण चारातल्या एका वेळी लोक पहिल्या पाच सेकंदांतच गाणं पुढे ढकलतात, असं त्यात दिसलं. पाच सेकंद! पेटीचा पहिला सूरसुद्धा धड लागत नाही तेवढ्यात. बरं, तिथे गाणं ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं मोजलं जातं. त्यामुळे हल्लीची बरीच गाणी पहिल्या क्षणाला तुमची कॉलर धरतात. जुनं भावगीत कॉलर धरत नाही. ते दारात उभं राहून विचारतं, "येऊ का?" आणि आपण तोवर पुढच्या गाण्यावर गेलेलो असतो.

अ‍ॅप तुम्हाला काय सुचवतं? तुमच्यासारख्या इतरांनी जे ऐकलंय ते. जे फारसं कुणी ऐकलेलंच नाही, ते सुचवायचं तरी कशाच्या जोरावर? तिथे माणूसच लागतो. पूर्वी हे काम करणारी माणसं होती. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं, लोक पत्र टाकून गाणं मागायचे, आणि गाण्याआधी ते मागणाऱ्यांची नावं वाचली जायची. हिंदीत तर या फर्माइशींमुळे झुमरी तलैया हे एक अख्खं गाव देशभर प्रसिद्ध झालं. मग कॅसेटचा काळ आला. दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि कोरी कॅसेट भरून घ्यायची. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, त्यामुळे सात-आठ गाण्यांत निवड करावी लागायची. त्यानंतर आलं मेमरी कार्ड. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात पोरगा थोड्या पैशांत कार्ड भरून द्यायचा, आणि त्याच्या आवडीवर गावातली लग्नं आणि वडापच्या जीपा वाजायच्या. तो पोरगा म्हणजे त्या भागाचा रेडिओ स्टेशन डायरेक्टरच होता, फक्त पगार नव्हता.

या सगळ्यात एक गोष्ट होती. देणाऱ्याला थोडे कष्ट पडायचे, पत्र लिहा, यादी करा, दुकानात जा. शेअरचं बटण दाबायला काहीच कष्ट नाहीत. घेणाऱ्याला ते बरोबर कळतं. फुकट आलेल्या वस्तूकडे आपण जसं बघतो तसं तो त्या लिंककडे बघतो.

मग करायचं काय? मी काय करते ते सांगते.

एक सिनेमा आहे, 'एक होता विदूषक', १९९२ चा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गाणी ना. धों. महानोरांची आणि संगीत आनंद मोडक यांचं. ही नावं अशी ओळीने सांगितली की माझ्या वयाचा माणूस आदराने मान हलवतो आणि गाणं लावत नाही. म्हणून मी असं लिहिते: "तुला लक्ष्या माहितीये ना, ज्याचे मीम तू रोज टाकतोस? त्याने एकदा अजिबात लक्ष्यासारखं नसलेलं काम केलं होतं. तमाशातल्या सोंगाड्याचं. त्या सिनेमात रवींद्र साठेंनी गायलेलं एक हळू, अंगाईच्या वळणाचं गाणं आहे. रात्री ऐक. ट्रॅफिकमध्ये नको." त्या गाण्याचं नाव 'मी गाताना गीत तुला लडिवाळा'. आजवर ज्यांना ज्यांना असं पाठवलं, त्यातल्या निम्म्यांनी तरी ते पूर्ण ऐकलंय, आणि दोघांनी मग तो सिनेमा शोधून काढला. लक्ष्या हा त्यांचा दरवाजा होता. प्रत्येक गाण्याला असा एक दरवाजा असतो आणि तो समोरच्या माणसाच्या बाजूने शोधायचा असतो. मला ते गाणं का आवडतं हे त्याला नंतर सांगितलं तरी चालतं.

दुसरं उदाहरण. 'वादळवाट'चं शीर्षकगीत आठवतंय? 'आभाळमाया'चं? लहानपणी ते लागलं की घरात कुकरच्या शिट्टीचा आवाज यायचा आणि आई टीव्हीसमोर येऊन बसायची. त्या दोन्ही गाण्यांचं संगीत अशोक पत्की यांचं. आता हाच दरवाजा धरून मागे जा. त्याच पत्कींनी सुमन कल्याणपूर यांच्याकडून 'नाविका रे' आणि 'केतकीच्या बनी तिथे' गाऊन घेतलीयेत. शब्द अशोकजी परांजपे यांचे. तुमची आजी म्हणेल, "अगं, ही काय कमी ऐकलेली गाणी झाली? आमच्या वेळी घरोघरी वाजायची!" बरोबर आहे आजीचं. कमी ऐकलेलं हे नेहमी कुणाच्या तरी मानानेच असतं. एका पिढीत घरोघरी वाजलेलं गाणं पुढच्या पिढीत अगदी अनोळखी होऊ शकतं, त्याला फार तर वीस वर्षं लागतात.

सुमनताईंचं नाव मी मुद्दाम घेतलं. हिंदीतली त्यांची कितीतरी गाणी लोक लताबाईंची समजून ऐकत आलेत. आवाज जवळचा, आणि नाव बघायची कुणाला सवय नाही. २०२३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, तेव्हा कित्येकांनी विचारलं, "या कोण?" ज्यांनी विचारलं, त्यांच्या प्लेलिस्टमध्ये त्या आधीपासून होत्या.

म्हणून मी लिंकबरोबर नावं लिहिते. कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, कुणी गायलं. रेडिओवर हे न चुकता सांगायचे. फोनच्या पडद्यावर बहुतेक वेळा गायकाचं नाव दिसतं, कधी नुसतं कंपनीचं, आणि कवी तर शोधूनच काढावा लागतो. नावं लिहिण्याचं एक अगदी व्यवहारी कारणही आहे. लिंक मरतात. व्हिडिओ काढून टाकला जातो, कुणाचं चॅनल बंद होतं, २०२४ मध्ये विंक हे अख्खं अ‍ॅपच बंद झालं. लिंक मेली तरी नाव असलं की गाणं परत सापडतं. शब्द आणि नावं तपासायला 'आठवणीतली गाणी' ही साइट आहे, ती मी उठता-बसता उघडते.

आता मला एक जरा वेगळी गोष्ट सांगायचीये.

हॉस्टेलला असताना माझी एक रूममेट होती, मराठवाड्यातली. आमच्या खोलीत एक छोटा स्पीकर होता आणि त्यावर गाण्यांची पाळी लागायची. सगळ्या आपापलं लावायच्या, हिंदी, इंग्लिश, कोरियन, काहीही. एक गोव्याची होती, ती लोर्नाची कोकणी गाणी लावायची. आम्हाला शब्द कळायचे नाहीत, तरी नाचायचो. ही मात्र तिच्या पाळीला कायम चालू हिट गाणी लावायची. आणि एरवी कानात हेडफोन घालून वेगळंच काहीतरी ऐकायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, घरचं आहे."

तीन महिन्यांनी एका रविवारी, कपडे वाळत घालताना, तिने ते घरचं स्पीकरवर लावलं. वामनदादा कर्डक यांचं गाणं होतं. तिचे वडील गावात गायन पार्टीत गायचे आणि ती त्या गाण्यांत वाढली होती. गाणं सुरू झाल्यावर ती आमच्याकडे बघतच नव्हती, बादलीकडे बघत होती. मला तेव्हा हळूहळू लक्षात आलं की ती तीन महिने का थांबली होती. आपल्याकडे गाणं कळलं की घर कळतं आणि घर कळलं की जात कळते. तिला फक्त गाणं ऐकवायचं नव्हतं. ऐकल्यावर आमचे चेहरे कसे होतात, हे तिला पाहायचं होतं, आणि त्याचीच तिला धास्तीही होती.

आमच्यातली एक जण मध्येच काहीतरी विचारायला लागली, तेव्हा ही म्हणाली, "थांब गं, शेवटचं कडवं येऊ दे. त्यात नाव येतं."

आणि आलं. 'वामन' असं, गाण्याच्या आतच.

मी त्यावर नंतर खूप विचार केला. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' येतं, जनाबाईंच्या अभंगात त्यांचं नाव येतं. याला नाममुद्रा म्हणतात, शाळेत शिकलोय आपण. पण ती किती कामाची गोष्ट आहे हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. छापखाना नाही, लेबल नाही, गाणं तोंडातोंडी जाणार. मग नाव कुठे ठेवायचं? गाण्यातच शिवून टाकायचं, म्हणजे गाणारा बदलला, गाव बदललं तरी ते सोबत जातं. वामनदादा हे विसाव्या शतकातले, १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव. २००४ मध्ये गेले. त्यांची गाणीसुद्धा गायन पार्ट्यांमधून, पुस्तिकांतून, कॅसेटमधून हातोहात फिरली. आपल्या गाण्याला कसा प्रवास करावा लागणार आहे, हे त्यांना चांगलंच माहीत असणार. बाकीच्या गाण्यांत नाव शिवलेलं नसतं, तेव्हा ते काम पाठवणाऱ्याच्या त्या दोन ओळींच्या मेसेजने करायचं, असं आपलं माझं गणित.

बरं, त्या दिवशी पुढे काय झालं? फार काही नाही. गाणं संपलं. कुणी "नाइस" म्हणालं नाही, हे बरं झालं. गोव्याचीने विचारलं, "तुझे बाबा हेच गातात? त्यांचं रेकॉर्डिंग आहे?" होतं. फोनवर केलेलं, खरखरीचं, मागे कुत्री भुंकतायत. तेही ऐकलं. त्यानंतर तिच्या पाळीला ती तिचंच लावायला लागली, आणि आवाजही मोठा ठेवायला लागली. समोरच्या खोलीने त्याबद्दल तक्रार केली, पण ती आमच्या सगळ्याच गाण्यांबद्दल असायची.

तर कुणी तुम्हाला गाणं देतं तेव्हा घेणाऱ्याचंही काहीतरी काम असतं. लगेच बदल्यात आपलं गाणं फेकू नका, "हे ऐक, याहून भारी आहे" असं तर नकोच. गाणं आवडलं नाही तर तसं सांगा, चालतं. पण एखादी खरी गोष्ट सांगा. "दुसरं कडवं कळलं नाही." "ढोलकी मस्त आहे, आवाज नाही आवडला." एवढं लिहिलं तरी पाठवणाऱ्याला कळतं की तू तिथपर्यंत गेला होतास. आणि आत्ता वेळ नसेल तर "रविवारी ऐकतो" म्हणा आणि रविवारी ऐका.

आणि हो, एक तांत्रिक सूचना. एक इअरबड तुला, एक मला असं करून जुनी स्टिरिओ गाणी ऐकू नका. काहींमध्ये वाद्यं एका कानात आणि गळा दुसऱ्या कानात असतो. तुम्ही डोळे मिटून सूर ऐकताय आणि शेजारची बिचारी पाच मिनिटं नुसता तबला ऐकतीये, असं होतं. प्रेमप्रकरणात तर अजिबात करू नका.

या आठवड्यात एक करा. १४ नाही, एकच गाणं निवडा. एकाच माणसाला पाठवा, ग्रुपवर नाही. वर दोन ओळी लिहा, कुणाचं आहे आणि त्यानेच ते का ऐकावं. मग आठ दिवस "ऐकलंस का" विचारायचं नाही. काय उत्तर येतं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. उत्तर आलं नाही तर तेही सांगा, अशांचा आपण वेगळा भाग करू.

मी आज रात्री 'जैत रे जैत'मधलं एक गाणं पाठवणार आहे. त्या सिनेमातली दोन-तीन सगळ्यांना पाठ असतात, पण महानोर आणि हृदयनाथ मंगेशकरांनी त्यात डझनाहून जास्त केलीयेत. उरलेल्यांतलं एक. कुणाला पाठवणार ते नाही सांगत, ती व्यक्ती हा पॉडकास्ट ऐकते.

चला, भेटू पुढच्या बुधवारी.